मूठ करा

मामा खरंच बहिरे होते की सोयीपुरते बहिरे होते, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. पाळकसाहेब म्हणतात, एसटीच्या इंजिनानं त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. पाळकसाहेब म्हणजे माझे यजमान, चर्चचे धर्मगुरू. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्यांना तेच म्हणायला लागले, ते काही सुटलं नाही. माझं म्हणणं असं, की मामांना जे ऐकायचं असेल ते बरोबर ऐकू यायचं. आता मामा नाहीत, आमचीही त्या गावातून बदली झाली, तेव्हा हा वाद कुणाकडून मिटवून घ्यायचा हे मला कळत नाही.

गाव परभणीजवळच्या झरीहून आत. तिथं ख्रिस्ती घरांची एक गल्ली, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं छोटं चर्च आणि चर्चला चिकटून आमच्या दोन खोल्या. मामांचं, म्हणजे सगळ्या गल्लीच्याच मामांचं, घर दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली. जन्मभर त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. पाथरी, जिंतूर, चारठाणा, जिकडं ड्युटी लागेल तिकडं. निवृत्त झाले, पण कुणीतरी त्यांना ते नीट सांगायला विसरलं असावं. अंगात खाकी शर्ट, खांद्याला ती चामड्याची बॅग, आणि रविवार उजाडला की चर्च म्हणजे त्यांची गाडी.

मी नगरकडची. आमच्याकडे उपासना म्हणजे टाचणी पडली तर ऐकू येईल अशी. इथं पहिल्याच रविवारी मी मागच्या बाकावर बसले, तर हे गृहस्थ येऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले. "पुढं सरका बाई, पुढं जागा हाय. दारात गर्दी करू नगा." चर्चमध्ये मोजून चार माणसं आलेली, आणि दारात मी एकटी. मी सरकले. सरकल्याशिवाय ते हलतच नाहीत, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं होतं.

गीताचा नंबर ते स्टॉप पुकारल्यासारखा पुकारायचे. प्रभुभोजनाच्या वेळी एखाद्या घरचं लेकरू पुढं आलं, की त्याच्या आईला विचारायचे, "हाफ का फुल?" म्हणजे याचा स्थिरीकरणविधी होऊन याला प्रभूची भाकर घ्यायची मुभा मिळाली आहे का नाही. घंटेची दोरीही त्यांच्याच हातात. दोन टोल दिले की उपासना सुरू. उपदेश लांबला, की मागून एक टोल. पाळकसाहेब वाक्य अर्धं टाकून थांबायचे. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या कुणाचं इतकं ऐकलेलं मी पाहिलेलं नाही, माझंही नाही.

दानार्पणाची थैली तर त्यांनी कधीच वापरली नाही. आपली चामड्याची बॅग घेऊन ते बाकाबाकानं फिरायचे. कुणी मोठी नोट टाकली, की तिथल्या तिथं खुर्दा मोजून परत. "पन्नास दिले, तुमचे दहा धरा, हे चाळीस." पाळकसाहेबांनी त्यांना एकदा समजावलं, की मामा, देवाला दिलेल्यातून सुटे परत देत नसतात. मामा म्हणाले, "साहेब, त्याला परत जायचंय दुकानात मीठमिरची आणायला. देवाला समजतंय, तुमाला कामून समजंना?" मला त्यांचा फार राग यायचा. माझे वडील शिक्षक, घरात सगळं शिस्तीचं. आणि इथं देवाच्या घरात हा माणूस बस चालवायचा.

मग ती साथ आली आणि चर्चला कुलूप लागलं.

झरीच्या फाट्यावर पोलीस बसले, आठवडी बाजार बंद झाला, पुण्यामुंबईहून परतलेली माणसं शाळेत ठेवली गेली. आशाताई दारोदार फिरून कोण खोकतंय ते विचारायच्या, आणि लोक खोकला गिळून 'कुनी न्हाई' म्हणायचे. अशात पहिल्या रविवारी नेमक्या वेळेला दोन टोल पडले. मी धावत गेले. मामा आपल्या किल्लीनं कुलूप काढून एकटेच आत उभे होते, तोंडाला उपरणं बांधलेलं, समोर सगळे बाक रिकामे. म्हटलं, मामा, बंदी आहे, कुणी यायचं नाही. तर म्हणाले, "कुनी न्हाईच आलं की. गाडी रिकामी आसली तरी टायमावर सुटाया पायजे." पुढं पोलीस पाटलांनी हात जोडले, तेव्हा घंटा थांबली. मामा मात्र रोज येऊन कुलूप ओढून बघून जायचे.

शहरातल्या आमच्या वरिष्ठांनी फोनवर उपासना घ्यायला सांगितली. पाळकसाहेब दोन दिवस फोनशी झटापट करून ते शिकले. गल्लीत मोठे फोन थोडे, त्यातला एक मामांकडे, पुण्याच्या मुलानं दिलेला. मामांनी तो लिंबाच्या खोडाला खिळ्यावर पिशवीत टांगला, खाली पितळी घागर ठेवली आवाज घुमावा म्हणून, आणि आसपासची घरं आपापल्या उंबऱ्यावर बसून ऐकायला लागली. फोनमधून जे येईल त्यातलं महत्त्वाचं ते मामा मोठ्यानं पुकारून पुढं पोचवायचे. सवय जन्माची.

पण गोंगाट! कोंबड्या, कुकर, शेळी, कुणाचं तरी भांडण, सगळं एकदम पाळकसाहेबांच्या कानात. त्यांना वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये एक मंत्र मिळाला होता. प्रार्थनेच्या आधी ते गंभीर आवाजात म्हणायचे, "सर्वांनी म्यूट करा." आणि चमत्कार व्हायचा. घटकाभर सगळीकडे शांत. पाळकसाहेब खूष. "बघ," म्हणायचे, "खेड्यातली माणसं आपल्यापेक्षा लवकर शिकतात."

आता माझ्या स्वयंपाकघराबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. वरून येणारं मानधन थोडं, तेही त्या काळात रखडलेलं. आमचं खरं पोट रविवारच्या दानार्पणावर, आणि दानार्पण बंद. दुकानदार उधार देत होता तोवर दिलं, मग तोही आमच्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला. सकाळी केलेली भाकरीच संध्याकाळी. पाळकसाहेब उपास करतोय म्हणायचे आणि मला ते खरं वाटत असल्याचं मी दाखवायचे. मंडळीत कुणाला सांगावं तर सगळेच हातावर पोट असलेले, त्यांची मजुरीही बंद. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. शिक्षकाची मुलगी मी, कुणाच्या दारात पदर पसरायची मला सवय नव्हती.

एका रविवारी दुपारी मामा दारात आले. लांब उभे राहिले, बॅग उघडली आणि ओट्यावर ठेवलेल्या माझ्या सुपात उपडी केली. ज्वारी, गहू, रेशनचा तांदूळ, मूग, तुरीची डाळ, सगळी खिचडी.

"हे काय मामा?"

"मंडळीचं हाय. साहेबांनी मागितलं, मंडळीनं दिलं. सलाम बाई." आणि निघून गेले.

साहेबांनी मागितलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात जाऊन मी नवऱ्याला अशी काही सरबत्ती केली, की तो बिचारा उपासाचा माणूस भिंतीला टेकला. "मी? मी कुणाकडे काही मागितलं नाही. देवाशपथ," म्हणाले. शपथ घ्यायची नसते असं दर महिन्याला शिकवणारा माणूस शपथ घेतोय म्हटल्यावर मी सरबत्ती आवरली. मग त्यांनी निष्कर्ष काढला, की मंडळीला आपणहून प्रेरणा झाली. त्यांचे डोळेच भरून आले. पुढच्या रविवारी फोनवर त्यांनी गहिवरून सांगितलं, "तुम्ही जे करता आहात ते देव पाहतो आहे, असंच करत राहा." झालं. लोकांना वाटलं, साहेबांचा हुकूम पक्का झाला.

धान्य येत राहिलं. मी तासन्‌तास निवडत बसायचे. ज्वारीतून गहू, गव्हातून तांदूळ. निवडताना राग यायचा आणि भाकरी खाताना रागाचा पत्ता नसायचा. पण कोड्याचा उलगडा होत नव्हता, उलट ते वाढत होतं. कधी धान्य बॅगेच्या तळाशी असायचं, तर कधी बॅग काठोकाठ. कारण समजेना. एकदा शेजारच्या काकू कुंपणापलीकडून दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, साहेबांना जरा सांगताव का? एका उपासनेला एक मूठ बरी. मागच्या ऐतवारी त्येंनी लय डाव मागितलं. त्या कुकरवालीच्या घरी शिट्ट्याच थांबंनात, आन् साहेब घडी घडी मूठ करा, मूठ करा. आमचा डबा खाली झाला की."

"कसली मूठ, काकू?"

काकू माझ्याकडे, मी परदेशातून आल्यासारखं बघायला लागल्या. मग सांगितलं. त्यांच्या सासूच्या काळी गल्लीत रीत होती. स्वयंपाकाला बसताना दाण्यांची एक मूठ देवाच्या नावानं बाजूला काढायची, डब्यात साठवायची आणि रविवारी चर्चला न्यायची. मुठीचं दान. पुढं नव्या पाळकांना पैसे बरे वाटायला लागले, दाण्यांचा सांभाळ कोण करणार, म्हणून ती रीत मोडली. "आता साहेबांनी परत काढली. बरंच झालं की. पर एकच मूठ, बाई."

मी ते तसंच्या तसं पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मी मूठ हा शब्द गेल्या वर्षभरात उच्चारलेला नाही. घरात भूत असावं तसं मला वाटायला लागलं. मागणारा सांगतो मी मागितलं नाही, देणारे सांगतात त्यांनीच मागितलं, आणि मधल्यामध्ये मी निवडते आहे.

भूत उतरवलं ते पोलीस पाटलांनी. तेही वेगळ्याच कामाला आले होते. त्यांच्या थोरल्या भावाला ताप चढून परभणीला नेलं होतं, दवाखान्यात आत कुणाला सोडत नव्हते. वरच्या आळीत सगळ्यांचे चेहरे उतरलेले. पाटील एका बाजूला चपला काढून उभे राहिले. माणूस भला, पण बोलताना माझ्या नजरेला नजर देईना.

"साहेब, राग मानू नगा. लोकं बोलायलेत. म्हनं, ऐतवारी सकाळी तुमच्या गल्लीत आरोळी देत्यात. मूठ करा म्हनून. आन् मंग समदे एकदम गप व्हत्यात. दारं लावून घेत्यात. ही काय भानगड हाय?"

ही दुसरी मूठ माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मंतरलेले उडीद, लिंबू, कुणाच्या तरी नावानं मारलेली मूठ. घरोघरी तापानं माणसं पडताहेत, आणि आम्ही मूठभर ख्रिस्ती लोक दर रविवारी ओरडून मूठ करतो म्हणे! पाळकसाहेबांनी मामांना बोलावून घेतलं. तिघेही चार हात लांब उभे, मी दारात.

"मामा, तुम्ही रविवारी मूठ करा असं ओरडता?"

"व्हय."

"का?"

"तुमीच म्हनता की. पैल्या प्रार्थनेच्या आदी. मी फकस्त पुढं पोचवतो."

"मी कधी म्हणालो?"

"दर ऐतवारी. एकदा न्हाई, चार चार डाव."

हळूहळू पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला, आणि माझ्याही. "मामा," ते म्हणाले, "ते म्यूट. म्यूट करा."

"तेच तर म्हनायलो मी. मूठ."

मामांची आरोळी आम्ही दर रविवारी म्यूट म्हणूनच ऐकली होती, आणि चमत्काराची ती शांतता म्हणजे लोक मूठ काढायला आत गेलेले असायचे. पाटलांनी खिशातून आपला फोन काढला. त्यांना हे ठाऊक होतं, तहसीलच्या मीटिंगा त्यांनाही होत्या. त्यांनी ते माइकवर आडवी रेघ असलेलं बटण मामांना दाखवलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं.

"हे दाबल्यानं काय व्हतंय?"

"आवाज बंद व्हतोय."

"कुनाचा?"

"तुमचा."

मामांनी चष्मा परत नाकावर घेतला. "माझा आवाज बंद करा, आसं साहेब कामून सांगतील?"

पाटील हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते भावाच्या काळजीचं होतं की हसण्याचं, मला सांगता येणार नाही. मग काकूंकडून ऐकलेली मुठीच्या दानाची रीत मी त्यांना सांगितली. पाटील म्हणाले, "आसं व्हय! आमची माय बी काढायची मूठ, गोसाव्यासाठी. सांगतो मी आळीत समद्यांना." आणि गेले. पुढं त्यांचे भाऊ बरे होऊन घरी आले, तेव्हा त्या बोलण्याचं काही उरलं नाही.

मामा मात्र जागचे हलले नव्हते. पाळकसाहेब त्यांना समजावत होते, की गैरसमज झाला, मंडळीवर उगाच बोजा पडला, लोकांनी आपल्या तोंडचा घास काढला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. निदान तसं दिसलं तरी. मग म्हणाले, "म्हंजी इतके दिस तुमी चुकीचं बोलत व्हता, आन् मी बरोबर ऐकत व्हतो."

त्या रात्री जेवताना विषय निघाला. पाळकसाहेब सत्याचे पक्के. शास्त्रपाठ वाचताना एक अक्षर चुकलं तर वाक्य पुन्हा वाचणारा माणूस. म्हणाले, "रविवारी मी म्यूट म्हणणारच नाही. सरळ मराठीत सांगेन. खोट्यावर आलेलं धान्य मला नको." बरोबरच होतं. मी मान हलवली. आणि मनात एकच, की सुपातली ज्वारी सोमवारी संपेल, मग मंगळवारी काय? त्यांना म्हणावंसं वाटलं, एवढा एक रविवार जाऊ द्या. पण मागून खायला लाजणारी मी, फसवून खा असं कोणत्या तोंडानं म्हणणार होते? मला रडू येत होतं आणि ते कोणावर येतंय ते कळत नव्हतं.

रविवार आला. पाळकसाहेब फोनसमोर बसले. घसा साफ केला. पहिल्या प्रार्थनेआधी एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्यालाही कळेल असं म्हणाले, "सर्वांनी. आपापल्या फोनचा. आवाज बंद करा."

एक कोंबडी बोलली. मग गल्लीच्या त्या टोकावरून, लिंबाखालून, आरोळी आली.

"मूठ करा!"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. एव्हाना खरी गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत झालेली होती, अशा गोष्टी काकूंच्या कुंपणाबाहेर जायला वेळ लागत नाही. हसणं गल्लीभर पसरत आमच्या दारापर्यंत आलं. आणि मग एकेका घरातून डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज यायला लागले. यावेळी त्यांना कुणी फसवलेलं नव्हतं. पाळकसाहेब प्रार्थना सुरू करायची विसरले.

मी आत गेले. डब्यात हात घातला आणि मूठ भरून काढली. आम्हालाच दिलेलं धान्य, त्यांनीच दिलेलं. ते कुणाच्या नावानं काढलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हात आपोआप गेला.

दुपारी मामा आले. मी उंबऱ्याबाहेर जाऊन मूठ पुढं केली.

"मामा, आज तर साहेब आवाज बंद करा म्हणाले होते."

"म्हनले आसतील. मला मूठच आयकू आलं." आणि माझ्या मुठीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे नगं बाई. स्टाफला तिकीट नसतं."

"घ्या म्हणते ना!" मी ओरडलेच. इतक्या जोरात, की डाव्या कानालाही ऐकू जावं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मामांनी मुकाट्यानं बॅग उघडली. मी मूठ सोडली. त्यांनी बॅग हलवून दाणे खाली बसवले, अदबीनं मान झुकवली, आणि मग नेहमीसारखी सगळी बॅग माझ्याच सुपात उपडी करून निघून गेले. मी ओट्यावर निवडायला बसले. त्या ढिगात माझे दाणे कोणते, ते शोधत संध्याकाळपर्यंत बसले होते, पण एकही ओळखता आला नाही.